करंजाच्या वळणावरचा बोर्ड

महिपत मैलकुली होता. हा शब्द आता फारसा कुणाच्या तोंडी नाही. मैल गेले, किलोमीटर आले, आणि कुली म्हणणं बरं दिसत नाही म्हणून खात्याच्या कागदावर त्याचा 'रस्ता कामगार' झाला. पण शेणव्याच्या पुढे किन्हवलीच्या अंगाला सहा किलोमीटरचा जो तुकडा त्याच्या नावावर होता, तिथल्या लोकांसाठी तो अखेरपर्यंत मैलकुलीच राहिला. बहात्तरच्या दुष्काळी कामावर तो खडी फोडायला आला, मुकादमाच्या नजरेत भरला आणि कायमचा चिकटला. खड्डे बुजवायचे, गटारं उपसायची, पडलेली फांदी ओढून बाजूला करायची आणि पावसाळ्याआधी कडेच्या झाडांना गेरू-चुन्याचे पट्टे मारायचे, हे त्याचं काम. अंगठाछाप माणूस. पण रस्त्यावरचे बोर्ड त्याला वाचता येत, आणि त्याचा त्याला भारी ताठा होता.

ही विद्या त्याला एका जुन्या ओव्हरसियरनं दिली होती. बदली होऊन जाण्याआधी त्या भल्या माणसानं एका दुपारी त्याला सगळ्या रस्त्यानं फिरवलं आणि एकेक बोर्ड दाखवला. "गोल दिसला की हुकूम, महिपत. मोडला तर दंड. आणि लाल काठाचा तिकोन दिसला की सावध. पुढं काहीतरी आहे, एवढंच तो सांगतो. काय आहे ते पोटातल्या चित्रात." मग वाकडा बाण म्हणजे वळण, गाय म्हणजे गुरं आडवी येतील, डोंगरावरून गोटे पडताना दिसले म्हणजे दरड, आणि दोन मुलं म्हणजे शाळा. महिपतनं ते सगळं डोक्यात पक्कं बसवलं. त्याच्या तुकड्यावर असे सात तिकोन होते.

ते कळणारा तो त्या रस्त्यावर एकटाच होता. बाकीच्यांचं काय सांगावं! शाळेच्या अलीकडच्या बोर्डावरची दोन मुलं बघून पाड्यावरची ताराबाई पदर तोंडाला लावून हसायची. "सरकारनं आता रस्त्यात पन लावलं गो, दोनच पोरं पुरेत म्हनून!" तिचं तरी काय चुकलं? लाल तिकोन म्हणजे कुटुंबनियोजन, हे दवाखान्याच्या भिंतीवर तिनं वर्षानुवर्षं बघितलेलं. दवाखान्याचा तिकोन टोक खाली करून असतो आणि रस्त्यावरचा टोक वर करून, हा फरक महिपतला ठाऊक होता. पण त्यानं तो कधी सांगितला नाही. नुसता गालात हसायचा आणि खुरपं चालवायचा. आपल्याला कळतं, यांना कळत नाही, यातली गोडी त्याला सोडवत नव्हती. गरीब माणसाकडे मिरवायला दुसरं असतं तरी काय?

त्याची बायको राही एक्याण्णव साली तापानं गेली. मुलगी मालू लग्न करून वाशिंदला दिली, जावई तिथल्या कारखान्यात. घरात उरला महिपत, एक चूल आणि ओट्यावर टेकवलेली घमेली-फावडी. मालू म्हणायची, "बाबा, इकडं या, दोन खोल्या हायत." तो म्हणायचा, "मंग रस्त्याला कोन बगनार?" जसा काही रस्ता त्याच्याच हातचा घास खात होता. खरं सांगायचं तर वाशिंदमध्ये त्याला कुणी ओळखणार नव्हतं, आणि इथं निदान येणारी-जाणारी गाडी हॉर्न मारून जायची.

त्यातली एक शामची जीप. काळी-पिवळी, मालक दुसरा, चालवायला शाम. डोंगराच्या वाडीवरचा हा पोरगा, पंचविशीतला, गाडीत दहाच्या जागी अठरा माणसं कोंबून किन्हवली-शहापूर करायचा. रोज सकाळी करंजाच्या वळणावर महिपत दिसला की तो जीप थांबवायचा, खिडकीतून बिडी काढून द्यायचा आणि काडी पेटवून धरायचा. "वढ दादा, रस्ता तुजा हाय, आमी नुसतं जातो." मागची माणसं ओरडायची, उशीर झाला म्हणून. शाम हसायचा. ती दोन-तीन मिनिटं कुणाच्या कोंबड्या कुत्र्यानं नेल्या, कुणाच्या पोरीचं जमलं, एवढंच बोलणं व्हायचं. पण राही गेल्यानंतर महिपतशी दिवसाकाठी कुणी तोंड भरून बोलत असेल तर तो शाम. घरी गेल्यावर भाताचं आधण ठेवताना तो ते बोलणं पुन्हा एकट्यानं बोलायचा.

करंजाचं वळण त्या तुकड्यातलं सगळ्यात वाईट. शेणव्याकडे तोंड करून येताना रस्ता सरळ सरळ म्हणता उजवीकडे एकदम मोडायचा. डाव्या अंगाला करंजाची पाच झाडं, आणि त्यांच्याखाली दोन पुरुष खोल ओहोळ. वळणाच्या अलीकडे महिपतचा लाडका बोर्ड. पोटात काळा बाण, उजवीकडे वाकलेला.

शहाण्णवच्या मे महिन्यात त्या बोर्डाचा रंग पोपडे धरून उडाला. बाण राहिला होता अर्धा. दर साली महिपत बोर्ड सकाळी पान्यानं सोडवायचा, घरी नेऊन पुसायचा, हात फिरवायचा आणि संध्याकाळी जागेवर बसवायचा. तशी कुणाची ताकीद नव्हती, त्याची त्यानंच घातलेली रीत. त्या साली मात्र खात्याकडून लाल तेलरंगाचा नवा कोरा डबा मिळाला आणि गड्याच्या अंगात आलं. पोपडे खरवडले, पांढऱ्याचे दोन हात मारले, लाल काठ दोरी धरून आखला. आभाळ भरून यायचं, हवा दमट, रंग सुकता सुकेना. एक हात झाला, दुसरा झाला, तरी त्याचं समाधान नाही. तिसरा मारू म्हणाला. त्याच आठवड्यात चुन्याची गोणही आली होती. मुकादम सांगून गेला, "आधी झाडं उरक." पण चुना काय, कुणीही गडी मारेल. झाडं काही पळून जात नव्हती. गोण ओट्यावर भिंतीला टेकून राहिली आणि बोर्ड खांबाविना चार दिवस महिपतच्या पडवीत.

चौथ्या दिवशी किन्हवलीचा बाजार होता. दिवेलागणीच्या सुमाराला वळवाचं वादळ सुटलं. पाऊस थेंबभर नाही, नुसती धूळ, पाचोळा आणि वारा. महिपतनं बोर्डापुढे गोणपाट टांगला, रंगाला धूळ चिकटेल म्हणून. थोड्या वेळानं रस्त्यानं माणसं धावत गेली. करंजाच्या वळणावर शामची जीप सरळ ओहोळात गेली होती.

सगळ्यांना बाहेर काढलं. हातपाय मोडले, डोकी फुटली, पण जीव एकाच बाईचा गेला. शामची थोरली बहीण सोमी, त्याच्या शेजारीच बसलेली. आईमागे तिनंच त्याला वाढवलं होतं. शामचा उजवा पाय मांडीपासून मोडला होता, आणि तो खाटेवरून नेतानाही मागे वळून बहिणीला हाका मारत होता. तिनं बाजारातून नवा टोप घेतला होता. तो घरंगळत ओहोळाच्या गोट्यांत जाऊन बसला आणि पुढं कितीतरी दिवस तिथंच चकाकत राहिला.

महिपत घरी आला तो पडवीतल्या बोर्डासमोर बसला. त्याला एकच दिसत होतं, बोर्ड इथं आहे आणि वळण तिथं. उजाडायच्या आत त्यानं बोर्ड डोक्यावर घेतला, पाना खिशात टाकला आणि वळणावर जाऊन चारही नट आवळले. आपली नोकरी जाईल ही भीती त्यात होती, नाही असं नाही. पण त्याहून मोठी एक वेडी आशा होती, की बोर्ड जागेवर बसला तर झालेलं काहीतरी मागं सरेल.

सकाळी पंचनामा झाला. जमादार बोर्डाला टेकला आणि त्याच्या बाहीला लाल रंग लागला. त्यानं बाहीकडे बघितलं, महिपतकडे बघितलं, आणि करंजाच्या पानानं बाही पुसली. "बोर्ड होता ना?" त्यानं विचारलं.

"व्हता," महिपत म्हणाला, आणि कागदावर अंगठा उठवला.

त्या एका शब्दावर शामची केस उभी राहिली. फलक असूनही वेग कमी केला नाही. चार वर्षं तारखा पडल्या, मग सहा महिन्यांची सजा झाली, लायसन गेलं. पाय आखूड राहिला तो राहिलाच. सुटून आल्यावर तो बायकोच्या माहेरी, मुरबाडकडे सिद्धगडाखालच्या वाडीवर, राहायला गेला असं कुणीतरी सांगितलं.

महिपतच्या रस्त्यावर दुसऱ्या जीपा आल्या. त्यांचे ड्रायव्हर हॉर्न मारायचे, हा मान वर करायचा नाही. एकानं थांबून बिडी पुढं केली तर म्हणाला, "सोडली." खोटं होतं. घरी एकटा ओढायचाच. ताराबाई एकदा म्हणाली, "महिपत, तुजं तोंड शिवलं का रे कुनी?" तो खुरपं चालवत राहिला, आणि मग तीही विचारीनाशी झाली. मालू दिवाळीला यायची, दोन दिवस राहून, डबे घासून जायची. त्या दोन दिवसांत तो दहादा बोलायला तोंड उघडायचा आणि दहादा पाणी मागायचा. सांगितलं असतं तर लेक काय त्याला टाकणार होती? पण हे त्या माणसाला कुणी सांगावं! बोर्ड मात्र त्यानं पुन्हा कधी खांबावरून उतरवला नाही. उभ्या उभ्या पुसायचा. बाण बघवायचा नाही आणि बघितल्याशिवाय राहवायचंही नाही.

दोन हजार तीनला तो रिटायर झाला. खात्यानं नारळ दिला, टोपी दिली, फोटो काढला. त्याच्या जागी दुसरा माणूस भरला नाही. आता सगळं ठेकेदाराकडे. महिपत घरी बसला आणि त्याच्या लक्षात आलं की रस्ता नसला तर आपल्याला दिवसभरात करायला एकच गोष्ट उरते, आणि ती म्हणजे तो एक शब्द आठवणं. वर्षभर त्यानं कसंबसं काढलं. पुढच्या साली मे महिन्यात एका सकाळी त्यानं धुतलेलं धोतर नेसलं आणि मुरबाडची एसटी धरली.

मुरबाडला गाडी बदलली, फाट्यावर उतरला आणि उन्हातून वाडी गाठली. वाटेत एसटीच्या खिडकीतून त्यानं सगळे तिकोन मोजले होते. एकावर पानाची पिंक होती, एकाला नेम धरून दगड मारले होते. ड्रायव्हरनं एकाकडेही बघितलं नाही.

शाम अंगणात बांबू चिरत बसला होता. पुढ्यात अर्धी विणलेली टोपली. पाय बाजूला पसरलेला. केस पिकले होते, तरी हसणं तेच. "आरं, दादा! रस्ता सोडून हिकडं कुठं?" त्यानं बायकोला हाक मारली. "मीना, पानी आन गो. माजा रस्त्यावरचा मानूस आला."

महिपतनं पाणी हातात घेतलं, पण तोंडाला लावलं नाही. तांब्या खाली ठेवून त्यानं आठ वर्षं घोकलेलं एका दमात सांगून टाकलं. बोर्ड पडवीत होता. उजाडायच्या आत नेऊन लावला. जमादारानं विचारलं आणि आपण व्हता म्हणालो. "तू माज्या पायी जेलात गेलास, शाम. बोर्ड असता तर तुला वळन कळलं असतं. सोमी जगली असती."

शामनं कोयता बाजूला ठेवला. मग मान हलवली. "कोर्टात ते काळे कोटवाले पन बोर्ड बोर्ड म्हनायचे. मला वाटं, कुठला बोर्ड? तो तिकोन काय? दादा, मला त्यातलं काय कळत व्हतं? एजंटानं फोटो मागितला, अंगठा मागितला, लायसन हातात दिलं. कुनी एक सवाल विचारला नाय. मी आपला समजायचो, ते पोरं कमी करायचे बोर्ड."

"म्हंजे…"

"म्हंजे असता काय नि नसता काय, मी बगितलंच नसतं."

महिपतच्या डोळ्यांना धार लागली. आठ वर्षांचं ओझं कुणीतरी सहज हात घालून उतरवलं होतं. तो उपरण्यानं तोंड पुसत होता, आणि शाम पुन्हा बांबू हातात घेऊन, जुनी गंमत सांगावी तसा बोलत होता.

"आमी ड्रायव्हर लोक तुज्या झाडांच्या भरवशावर जायचो. तू पट्टे मारायचास ना? धुक्यात, धुळीत, अंधारात काय दिसत नसलं तरी पट्टा दिसायचा. डाव्या हाताला पाच पांढरे एका वळीत आले की करंज. पाय ब्रेकवर. डोळं झाकून जायचो मी त्याच्यावर." त्यानं सालपट सोलून काढलं. "त्या सांजंला वादळ. समोरचं कायच दिसंना. मी आपला पट्टे हुडकतोय. सोमी म्हनली, हळू घे. मी म्हनलो, आजून करंज आलं नाय." मग त्यानं वर बघितलं. "त्या साली चुना आला नव्हता का रे, दादा?"

अंगणात कोंबडी माती उकरत होती. महिपतला एवढंच म्हणायचं होतं की नव्हता आला. खात्याचा कारभार, कधी येतं, कधी येत नाही. शामनं मान डोलावली असती, मीनानं चहा आणला असता आणि दोघं बिडी ओढत बसले असते. आठ वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी त्याच्याशी बोलत होतं. आणि जमादाराच्या त्या प्रश्नाइतकाच हाही प्रश्न छोटा होता.

"आला व्हता," महिपत म्हणाला. "माज्या ओट्यावर व्हता. मी बोर्ड रंगवीत बसलो. मुकादम बोलला व्हता, आधी झाडं. मी नाय मारला."

मीना दारात चहा घेऊन उभी होती, ती तिथंच उभी राहिली. शामनं चिरलेल्या कांब्या एकावर एक रचल्या, पुन्हा मोडल्या, पुन्हा रचल्या. बऱ्याच वेळानं त्यानं विचारलं, "एवडा रंगवीत व्हतास, काय व्हतं त्या बोर्डावर?"

महिपत खाली बसला. बोटानं मातीत त्यानं तिकोन काढला, आत बाण काढला, उजवीकडे वाकलेला. "ज्या अंगाला बान वाकला, त्या अंगाला पुढं वळन हाय. लाल तिकोन म्हंजे सावध व्हा. हळू चला."

"एवडंच?"

"एवडंच."

शाम त्या मातीतल्या चित्राकडे बघत राहिला. मग त्याचा आवाज चढला नाही, उलट अगदी खाली गेला. "रोज सकाळी माज्याकडनं बिडी घिऊन वढायचास, दादा. त्याच बोर्डाखाली. एक दिवस तरी सांगायचं व्हतंस रं."

तो काठीचा आधार घेऊन उठला आणि आत गेला. पुन्हा बाहेर आला नाही. महिपतनं चहा घेतला नाही, मीनानंही आग्रह केला नाही. तीन वाजताच्या एसटीनं तो परत निघाला. शाम त्याला शिव्या देईल, कोयता उगारेल, हे सगळं त्यानं मनाशी धरलं होतं. बिडीचं मात्र त्याच्या कधी मनात आलं नव्हतं. ताराबाई हसायची तेव्हा सांगता आलं असतं. शाम काडी पेटवायचा तेव्हा, काडी विझायच्या आत सांगून झालं असतं. फुकटची चार वाक्यं. ती त्यानं दागिन्यासारखी गाठीला बांधून ठेवली होती.

पुढच्या बाजाराच्या दिवशी त्यानं गाठीच्या पैशानं चुना आणला, भिजवला आणि करंजाच्या पाचही झाडांना पट्टे मारले. मग बोर्डाखाली जाऊन उभा राहिला आणि आलेल्या पहिल्या जीपला हात केला. ड्रायव्हर नवा होता, शेंदरी गॉगल घातलेला.

"कुठं जायचंय बाबा?"

"कुठं नाय. हा बोर्ड बग. लाल तिकोन म्हंजे…"

मागून कुणीतरी ओरडलं, उशीर होतोय म्हणून. "बसायचं तर बस, नायतर सोड," ड्रायव्हर म्हणाला, आणि गिअर टाकून निघून गेला.

महिपतनं धूळ खाली बसू दिली. किन्हवलीच्या अंगानं दुसऱ्या गाडीचा आवाज येत होता. त्यानं पुन्हा हात वर केला.